अर्ध्या लुगड्याची चुंबळ

१८ नोव्हेंबर २०२४, नळदुर्ग

फिजिओच्या मॅडमनी सांगितलं म्हणून लिहिते. रोज कुठं दुखतं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, एवढंच लिहा म्हणल्या. चार ओळींत होईल असं त्यांना वाटतं. कॉलेजातली माझी डायरी त्यांनी बघितलेली नाही.

कुठं दुखतं: माकडहाड. कण्याचं अगदी खालचं टोक. बाळंतपणात बाळाचं डोकं तिथं बराच वेळ अडकलं, त्यानं हाड मागं सरकलं. कशानं वाढतं: बसलं की. बसून उठताना त्याहून जास्त. कशानं कमी होतं: उभं राहिलं की. आता उभ्यानं किती आयुष्य काढायचं? जेवण बसून, पूजा बसून, भाजी निवडणं बसून, भेटायला आलेल्या बायांचे सुस्कारे ऐकायचे तेही बसूनच.

बाळ नाही. तेही लिहून टाकते, म्हणजे परत लिहायला नको. मुलगी होती. सप्टेंबरात, सोलापूरच्या दवाखान्यात. नाळेचा वेढा बसला, कुणाची चूक नाही असं डॉक्टर म्हणले. माझं रक्त थांबेना म्हणून मला आत नेलं, गुंगी दिली. शुद्धीवर आले तोवर तिला इथं आणून शेतात मातीही देऊन झाली होती. मी तोंड बघितलं नाही. आई म्हणली, "बरं झालं, बघितलं की विसरत न्हाई." न बघता कुठं विसरलंय!

तर, माकडहाड दुखतं.

२० नोव्हेंबर

आज गाढवपणा केला. आईचा कळंबवरून फोन आला, "पोट सुटलंय तुझं, कायतरी हालचाल कर." मग मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ लावला आणि नुसत्या शहाबादी फरशीवर सिट-अप्स मारल्या. त्या व्हिडिओतल्या बाईला माकडहाड नसावंच. तिसऱ्यांदा वर येताना असली कळ गेली की तोंडातून आवाज फुटला. मग कुशीवर वळून तशीच पडून राहिले. उठताच येईना.

मॅडमना फोन केला. त्या ओरडल्याच. पोटाचे असले व्यायाम बंद. सतरंजी चौघडी करून तिच्यावर उताणं झोपायचं, एकेक गुडघा छातीशी धरायचा. मग रांगत्या बाळासारखं हातागुडघ्यांवर होऊन पाठ वर-खाली करायची. बसलंच तर पुढं झुकून, भार मांड्यांवर टाकून. रांगत्या बाळासारखं, असं म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मग त्यांनी दुसऱ्या पेशंटचं निमित्त करून फोन ठेवला.

दारात सासूबाई उभ्या होत्या. सगळं बघत होत्या. त्यांचं नाव नीलम्मा, माहेर आळंदकडचं, अर्धं बोलणं कानडी. तोंडावर सगळेच त्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणतात, मीही म्हणते. इथं सासूबाईच लिहिणार. स्वतःशी कशाला खोटं बोलू?

२३ नोव्हेंबर

संताप झालाय. अक्षर बघा कसं आलंय.

सकाळी सासूबाई माझ्या खोलीत आल्या, हातात लुगडं. हिरवं इरकल, लाल काठाचं. मला ते चांगलं माहीत होतं. बाळाच्या झोळीसाठी त्यांनी ते उन्हाळ्यापासून धुऊन धुऊन मऊ करून ठेवलं होतं. आता ते निम्मंच होतं, एका बाजूनं वेडंवाकडं फाटलेलं. उरलेलं निम्मं कुठं गेलं देव जाणे, पुसायला घेतलं असेल. माझ्यासमोर खाली बसल्या आणि त्याची चुंबळ वळायला लागल्या. डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतात ती चुंबळ. आधी इवलीशी वळली, वाटीएवढी. तिच्याकडं बघत राहिल्या, मग सगळी उसवली आणि परत मोठी वळली. वय झालंय, माप सुधरत नाही.

फरशीवर ठेवली आणि म्हणल्या, "हाड मदी अधांतरी ऱ्हातंय. टेकत न्हाई. कुंद्रव्वा."

कुंद्रव्वा म्हणजे बस गं. एवढी कानडी मला येते. कुत्र्याला सांगावं तसं सांगतात. माझ्या लेकीच्या झोळीचं लुगडं माझ्याच बुडाखाली! या बाईला काळीज आहे का दगड? दवाखान्यातून आल्यापासून बाळाचा एक शब्द काढला नाही. माझं दूध आलं तेव्हाही काही न बोलता छातीवर ठेवायला कोबीची पानं आणून दिली आणि गेल्या. डिंकाचे लाडू मात्र वेळच्या वेळी. बाळ नसलेल्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू!

"नको मला," असं म्हणलं. त्या चुंबळ तिथंच ठेवून गेल्या.

२४ नोव्हेंबर

बसले. दुखण्यापुढं स्वाभिमान कसला. खरंच कमी दुखतं. याचाही राग येतोय.

२८ नोव्हेंबर

आमचे हे, सिद्धाराम, हायवेवर स्पेअर पार्टचं दुकान चालवतात. सकाळी जातात, जेवायला येतात, परत जातात. पूर्वी बडबड करायचे, ट्रकवाल्यांच्या नकला करायचे. आता ताटाकडं बघून जेवतात.

आज सासूबाई दुपारीच शेतात गेल्या होत्या. शेतात त्यांचं काय असतं कळत नाही. जनावरं कधीच विकली, ज्वारी वाट्यानं दिली, तरी रोज संध्याकाळी जातात. मी संधी साधून यांना विचारलं.

जे विचारलं ते इथं नीट लिहिते. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, पुरतात, आणि आडवं नाही, मांडी घालून बसवून. दोन वर्षांपूर्वी मामंजी गेले तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट बघितलं. फुलं लावून बसवूनच नेलं, बसवूनच खाली ठेवलं, डाव्या तळहातावर त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग. पूजेला बसतात तसेच दिसत होते. मला तेव्हा भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. माणसाला मान होता त्यात.

म्हणून विचारलं, "आपल्या लेकीला बसवली का?"

हे म्हणले, "सगळं रीतीपरमाणं झालंय." आणि हात धुवायला उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच.

रीतीप्रमाणं म्हणजे काय? शेजारची मल्लम्मा मागं म्हणली होती, "एवढ्याशा जीवाला कोण बसवतंय बाई, फडक्यात गुंडाळायचं, आडवं ठिवायचं न् माती लोटायची." तेव्हापासून डोळे मिटले की तेच दिसतं. घाईघाईनं माती लोटणारे हात. मला दुसरं काही नको. तिला कुणी नीट बसवली का आडवी टाकली, एवढंच मला कळलं पाहिजे.

आणि लिंग. आठव्या महिन्यात मठाचे स्वामी घरी आले होते, पोटातल्या जीवासाठी लिंग बांधायला. तेव्हापासून माझ्या गळ्यात दोन होती, एक माझं, एक तिचं. शुद्धीवर आले तेव्हा एकच. सासूबाईंनी काढून कपाटात ठेवलं असणार. वस्तू जपण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

४ डिसेंबर

व्यायाम केला. उताणं, गुडघे, रांगणं. मग कंबर उचलून धरायची, ती पण केली. सतरंजी चौघडी, खाली गोधडी. दुखलं, पण सोसवेल इतकं. फुलांच्या नक्षीचा छोटा स्टीलचा पेला सापडत नाही, मोड आणायचे मूग त्यात मोजून भिजवायचे. सासूबाईंना विचारलं तर म्हणल्या, "असंल कुठंतरी." त्यांच्या स्वयंपाकघरात वस्तू कुठंतरी असते, हे पहिल्यांदाच ऐकलं.

९ डिसेंबर

सोलापूरला जाऊन आले. जाताना एसटीत जागा मिळाली तरी उभीच राहिले. कंडक्टर म्हणला, "ताई, जागा हाय की, बसा." काय सांगणार त्याला?

मॅडमनी तपासलं. चार ओळींच्या जागी एवढं बघून हसल्या, वाचलं मात्र नाही, बरं झालं. चुंबळ पिशवीतून काढून दाखवली तर उलटीपालटी करून बघायला लागल्या. "कुणी केली? छान आहे. फक्त मागून उघडी ठेवा, घोड्याच्या नालासारखी. पूर्ण गोल असली की मागची कड कण्याला लागते." आणि म्हणल्या की हाड सुधारतंय, उतावीळ होऊ नका, सुधारेल पूर्ण.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी लगेच चुंबळ सोडली आणि नालासारखी परत वळली, दोन्ही टोकं दोऱ्यानं शिवली. दाताला दोरा लावताना डोळे पुसत होत्या. दिवसभर चुलीशी असतात, धूर जातो डोळ्यात. गॅस घेऊन दिलाय तरी भाकरी चुलीवरच पाहिजे.

शिवून झाल्यावर तेच. "कुंद्रव्वा."

१५ डिसेंबर

आज पूजेला बसले. मांडी घातली, लिंग तळहातावर घेतलं, आणि डोळे मिटून बसले ती बसलेच. उठल्यावर लक्षात आलं की दुखलंच नाही. बसताना नाही, उठतानाही नाही.

आनंद व्हायला पाहिजे होता. न्हाणीत जाऊन बादलीत नळ सोडला आणि हुंदके देऊन रडले. कशाचं रडू आलं कळलं नाही. डोकं फिरलंय माझं.

१६ डिसेंबर

हे मॅडमना सांगायचं नाही.

सकाळी सतरंजी काढून टाकली आणि नुसत्या फरशीवर सिट-अप्स मारल्या. का मारल्या माहीत नाही. पाच-सहा मारल्या असतील. कळ आली तेव्हा शांत वाटलं. आली बाई परत, असं वाटलं. मग भिंतीला धरून उठले.

संध्याकाळपर्यंत उभंही राहवेना. सासूबाईंनी तव्यावर वाळू तापवली, फडक्यात बांधली आणि मला पालथं निजवून शेक दिला. किती वेळ देत होत्या कुणास ठाऊक. शेवटी एवढंच म्हणल्या, "दुखनं धरून ठिवू ने गं. दुखनं म्हंजी मानूस न्हवं."

मी म्हणलं, "तुम्हाला काय कळतंय माझं?"

त्या म्हणल्या, "मला काय कळनार." आणि वाळू परत तापवायला गेल्या.

२२ डिसेंबर

येळवस आठ दिवसांवर आली. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळी माणसं शेतात जातात. कडब्याची कोपी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील असा नैवेद्य दाखवायचा आणि तिथंच भुईवर बसून जेवायचं. यंदा जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. सासूबाई म्हणल्या, "जायाचं. कुनाला बोलवायचं न्हाई, आपन तिघंच."

मी म्हणलं, "मी पण येणार."

हे पटकन म्हणले, "तुला भुईवर बसवायचं न्हाई. ढेकळं असत्यात."

"बसेन. चुंबळ घेऊन येते."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला न सांगता घरात काहीतरी चाललंय, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. मामंजींना त्याच शेतात ठेवलंय, तर तिलाही तिथंच कुठंतरी. म्हणून मला नेत नाहीत. पण या वेळी मी जाणार, आणि बसणार, आणि विचारणार.

व्यायाम दोन वेळा केला. सतरंजीवरच.

२७ डिसेंबर

दुखणं परत उतरतंय. चुंबळीवर बसून भज्जीसाठी तुरीचे दाणे सोलले. आई फोनवर म्हणली, "शेतात नको जाऊस गं, ओली बाळंतीण तू." मी म्हणलं, "ओली कशाची आई, पार वाळले."

३१ डिसेंबर

काल लिहिता आलं नाही. आज जसं झालं तसं लिहिते.

शेतात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. ज्वारी डोक्याएवढी उभी. यांनी आंबिलीचा डेरा डोक्यावर घेतला, खाली टॉवेलची चुंबळ. पूजा झाली. ताटं वाढली. मी कोपीसमोर चुंबळ टाकली, पुढं झुकून सावकाश बसले. जमलं. एक घास घेतला आणि विचारलं, "ती कुठं आहे?"

हे घास तसाच धरून राहिले. सासूबाईंनी बोरीच्या झाडाकडं हात केला.

मी ताट सोडून उठले. बोरीखाली मामंजींचा चौथरा आणि त्याला लागून हातभर उंचवटा, गोट्यांनी कडा बांधलेला. वर बेलाची पानं, आधीची सुकलेली आणि कालची अजून ताजी. आणि फुलांचा स्टीलचा पेला, तळाला दुधाची साय वाळलेली.

मग माझा तोलच सुटला. दोघंही मागं येऊन उभे होते. मी किंचाळलेच, "बसवली होती का आडवी टाकली? कुणीतरी बोला! मुके झालात का? मी आई आहे तिची!"

सासूबाई वळल्या आणि कोपीकडं चालायला लागल्या. मला वाटलं, जा, अजून जा, एवढंच येतं तुम्हाला.

मग हे बोलले. इतक्या दिवसांत इतकं पहिल्यांदाच बोलले.

"स्वामी म्हनले, एवढ्या लहान जीवाला बसवलं न्हाई तरी चालतंय. सगळे तेच म्हनले. अव्वा ऐकंना. म्हनली, माझ्या घरातलं कुनी आडवं जात न्हाई. पन ती बसंना गं. मान धरंना. ह्या अंगाला कलायची, त्या अंगाला कलायची. अव्वानं झोळीचं लुगडं संगं आनलं हुतं. तितंच दातानं फाडलं. निम्म्याची चुंबळ वळली आन सोता खाली उतरली खड्ड्यात. बाया उतरत न्हाईत, सगळे नको म्हनत हुते. मी वर हुतो. मला बघवंना. चुंबळीत बसवली तिला, पाठीला टेका दिला, तुझ्या गळ्यातलं तिचं लिंग डाव्या हातावर ठिवलं. लई येळ धरून बसली तिला, न्हाई कलंडत बघून मग सोडली. सोडताना म्हनली, कुंद्रव्वा."

मी म्हणलं, "मला का नाही सांगितलं?"

"शपत घातली अव्वानं. म्हनली, पोरीला कळलं तर ती त्या चुंबळीवर बसायची न्हाई. आन तिला बसता आलं पायजे."

मी तिथंच उभी राहिले. ज्वारीत कुणीतरी पाखरं हाकत होतं. हे तोंड फिरवून बोरीच्या खोडाला टेकले, आणि त्यांच्या खांद्यांवरून कळलं की रडतायत.

अव्वा परत आली. कोपीपुढं मी टाकून आलेली चुंबळ तिच्या हातात होती. मी ती घेतली आणि छातीशी धरली. तोंड खुपसलं तिच्यात. नुसता माझ्याच अंगाचा वास येत होता, आणि साबणाचा. मी म्हणलं, "अव्वा, मी नाही बसणार आता हिच्यावर. मला नाही जमायचं."

अव्वानं माझ्या हातातून चुंबळ ओढून घेतली, उंचवट्याच्या कडेला भुईवर ठेवली, खालची ढेकळं हातानं फोडून सारखी केली. स्वतः आधी बसली, गुडघ्यावर हात देऊन, कण्हत. मग चुंबळीवर थाप मारली आणि म्हणली, "कुंद्रव्वा."

म्हणताना ती माझ्याकडं बघत नव्हती. खाली मातीकडं बघत होती.

मी बसले. अव्वानं पेला उलटा करून पदरानं पुसला आणि यांना हाक मारून दूध मागवलं. आंबील तशीच राहिली, जेवणं थंड झाली. ऊन डोक्यावर येईपर्यंत अव्वा, मी आणि ती, आम्ही तिघीही तिथंच बसून होतो.

कुठं दुखतं: तिथंच. कशानं कमी होतं: माहीत नाही. उठताना दुखलं, पण बसता आलं.